कास्त्रोच्या रकान्यात बारचा शिक्का

१९९८ च्या मे महिन्यात वसई धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला भाग) मुंबईपासून वेगळा झाला. तेव्हा आमच्या चर्चच्या ऑफिसात मी क्लार्क म्हणून लागून सहा वर्षं झाली होती. पापडीचं चर्च कॅथीड्रल, म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च झालं, मंडप, बँड, नव्या बिशपांचं स्वागत, सगळं जोरात. मला मात्र त्या दिवसांतला आठवतो तो रबरी शिक्का. जुन्या शिक्क्यावर मुंबईचं नाव. नवा तयार होऊन यायचा होता. मधल्या दिवसांत बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर शिक्का कोणता मारायचा, यावरून फादर आणि मी रोज डोकं धरून बसायचो. शेवटी एका दुपारी शिक्केवाल्याचा मुलगा सायकलवरून नवा घेऊन आला. फादरांनी रद्दी कागदावर तीनदा उठवून बघितला आणि म्हणाले, "झाला धर्मप्रांत." जुना मी सुतळीत बांधून खालच्या ड्रॉवरमध्ये टाकला.

धर्मप्रांत जन्मतो कसा, ते मी असं जवळून बघितलं. मरतो कसा, हा प्रश्न मात्र निवृत्त होईपर्यंत कधी पडला नव्हता.

माझी थोरली बहीण सख्खी बहीणही आहे आणि सिस्टरही, म्हणजे नन. इटलीच्या अगदी टाचेत, सालेंतो भागात, तिच्या संस्थेचं वृद्धाश्रमासारखं घर आहे. तिथे ती किती वर्षं आहे ते आता तिलाही मोजून सांगावं लागतं. मराठी अजून आमच्यासारखंच बोलते, फक्त हात फार हलवते. मी निवृत्त झाल्यावर तिने फोनवर सांगितलं, "ये आता. आणि नुसती बसायला येऊ नकोस. ओत्रांतोहून लेउकापर्यंत तीन दिवसांची पायी वाट आहे, ती कर. माझे गुडघे गेले, तुझे अजून आहेत."

ही वाट म्हणजे फ्रान्सिजेना नावाच्या जुन्या यात्रामार्गाचं दक्षिणेकडचं शेपूट. मूळ मार्ग इंग्लंडातल्या कँटरबरीपासून रोमपर्यंत. रोमच्या पुढेही लोक दक्षिणेच्या बंदरांकडे चालत जायचे, तिथून जहाजाने जेरुसलेमला. आता खुणा लावून तो लेउकापर्यंत आणलाय. चालणाऱ्याला घडीचं कार्ड मिळतं, आत रिकामे रकाने. प्रत्येक मुक्कामाला एक शिक्का. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारलेल्या बाईला स्वतःसाठी शिक्के गोळा करायला कोणी सांगितलं तर ती नाही कशाला म्हणेल?

व्हिसा, आमंत्रणपत्र, बँकेचे कागद, या सगळ्यात पावणेदोन महिने गेले. ते सांगण्यासारखं नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी ओत्रांतोत होते.

पहिला शिक्का कॅथीड्रलच्या दाराशी बसलेल्या माणसाने मारला. मी सवयीने आधी शाई बघितली (जांभळी, ताजी) आणि मग अक्षरं. 'ओत्रांतो महाधर्मप्रांत.' ताईला म्हटलं, "महाधर्मप्रांत? एवढ्याशा गावात?" गाव खरंच पाच-सहा हजारांच्या आसपासचं. ताई हसली. "नावाला महा. हाताखाली कोणी नाही. १९८० मध्ये मोठेपण शेजारच्या लेच्चे शहराला गेलं."

तो उलटा हिशोब समजायला मला दोन दिवस लागले. शतकानुशतकं लेच्चेचा बिशप ओत्रांतोच्या आर्चबिशपच्या हाताखाली असायचा. गाल्लिपोली आणि उजेंतोचेही तसेच. मग लेच्चे शहर फुगत गेलं, ओत्रांतो मासेमारीचं गाव होऊन राहिलं, आणि २० ऑक्टोबर १९८० ला रोमहून आलेल्या एका कागदाने थोरला धाकटा झाला. आर्चबिशप ही पदवी तेवढी ओत्रांतोकडे ठेवली, जशी वाटणीत आजोबांची काठी एखाद्याकडे राहते.

ओत्रांतोला ते थोरलेपण मिळालं तेही राजकारणातून, आणि तेही रोमकडून नाही. समुद्रापलीकडे अल्बानिया दिसेल एवढं हे टोक पूर्वेकडे, त्यामुळे दहाव्या शतकात इथे राज्य कॉन्स्टँटिनोपलचं, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या पूर्वेकडच्या साम्राज्याचं. ९६८ साली सम्राट निकेफोरस फोकासने हुकूम काढवला की ओत्रांतोचा बिशप यापुढे महानगर बिशप, म्हणजे आसपासच्या बिशपांचा वरिष्ठ होईल, आणि दक्षिण इटलीतल्या पुल्या-कालाब्रियात उपासना लॅटिनमध्ये नव्हे, फक्त ग्रीकमध्ये होईल. त्या वेळी क्रेमोनाचा बिशप लिउतप्रांद जर्मन सम्राटाचा वकील म्हणून कॉन्स्टँटिनोपलमध्ये होता. तिथे त्याचा भरपूर अपमान झाला, आणि घरी जाऊन त्याने जो अहवाल लिहिला त्यात या हुकुमाबद्दल मनसोक्त आदळआपट केली आहे. त्या आदळआपटीमुळेच आपल्याला हे इतकं नीट ठाऊक आहे. रागाने लिहिलेल्या तक्रारी कधी फाडू नयेत, हे मी ऑफिसात फादरांना नेहमी सांगायचे.

पुढच्या शतकात उत्तर फ्रान्सातले नॉर्मन आले, चर्च रोमकडे गेलं. पण खेड्यांतली ग्रीक उपासना लगेच संपली नाही. लॅटिन आर्चबिशपच्या हाताखाली ग्रीक धर्मगुरू, तेही बायकामुलांसह, चारपाचशे वर्षं मिस्सा करत राहिले. सोळाव्या-सतराव्या शतकात ती रीत विझली. भाषा मात्र नऊ गावांत अजून आहे, तिला ग्रीको म्हणतात. ताईच्या घरातल्या एक आजी ती बोलतात, पण प्रार्थना करतात इटालियनमध्ये. मला माझी आजी आठवली. घरात कादोडी बोली, देवळात लॅटिन, एक शब्द कळत नसताना अख्खी लदीन (प्रार्थनामाला) पाठ.

कॅथीड्रल १०८८ सालचं. आत शिरलं की आधी खाली बघायचं, कारण सगळी जमीन म्हणजे एक चित्र आहे. ११६३ ते ११६५ या काळात पांतालेओने नावाच्या धर्मगुरूने रंगीत दगडी तुकड्यांनी ते घडवलं. हे अंदाजाने सांगायची गरज नाही, कारण त्याने स्वतःचं नाव, आर्चबिशप योनाथासचं नाव, राजा विल्यमचं नाव आणि साल, सगळं जमिनीतच लिहून ठेवलंय. (दाखला असावा तर असा.) दारापासून वेदीपर्यंत उंच झाड गेलंय, आणि त्याच्या फांद्यांत जगातलं जे जे पांतालेओनेला ठाऊक होतं ते ते बसवलंय. नोहाचं तारू, बाबेलचा मनोरा, दोन गरुडसिंहांच्या जोरावर आकाशात निघालेला अलेक्झांडर, बोकडासारख्या कशावर तरी बसलेला राजा आर्थर. बारा महिन्यांची बारा वर्तुळं आहेत, प्रत्येकात रास आणि त्या महिन्याचं काम. एकात द्राक्षं तुडवतायत, एकात डुक्कर मारतायत. वसईच्या माणसाला हे महिने परके वाटत नाहीत.

आणि ते अख्खं झाड दोन हत्तींच्या पाठीवर उभं आहे.

त्या हत्तींपाशी मी वाकून बराच वेळ उभी होते. हत्ती कधी न बघितलेल्या माणसाने ऐकून काढलेला हत्ती लगेच ओळखू येतो. सोंड आहे, पण ती कुठून सुरू होते याबद्दल त्याची खात्री नाही. पाय बैलाला चालले असते. कान मात्र मनापासून काढलेत. दोरीपलीकडचा रखवालदार माझ्याकडे बघून म्हणाला, "इंडिया?" मी मान हलवली. त्याने हत्तींकडे बोट दाखवलं आणि भुवया उडवल्या, म्हणजे 'जमलेत का?' मी हाताने 'ठीक' अशी खूण केली. साडेआठशे वर्षांनी तपासणी झाली म्हणायची.

उजवीकडच्या टोकाला हुतात्म्यांचं चॅपेल आहे. ताई आधी म्हणाली होती, "बघायचं नसेल तर नको बघूस." वेदीच्या मागे छतापर्यंत काचेची कपाटं, आणि त्यांत कवट्या आणि हाडं. नीट, ओळीने, रचून ठेवलेल्या. काही कवट्यांचे दात शाबूत आहेत. हे मी लांबून नाही बघू शकले, काचेजवळ गेले. लहान कवट्याही दिसल्या, की मलाच तशा वाटल्या, कोण जाणे.

२८ जुलै १४८० ला गेदिक अहमद पाशाचं तुर्की आरमार ओत्रांतोसमोर आलं. शहराने दारं उघडली नाहीत. दोन आठवड्यांत, ११ ऑगस्टला, भिंत फुटली. म्हातारे आर्चबिशप स्तेफानो पेंदिनेल्ली कॅथीड्रलमध्येच मारले गेले. १४ ऑगस्टला उरलेल्या पुरुषांना गावाबाहेरच्या मिनर्व्हा टेकडीवर नेऊन त्यांची मुंडकी उडवली, सुमारे आठशे. पहिला अंतोनियो प्रिमाल्दो, शिंपी. त्याचं मुंडकं गेल्यावरही धड बाकीचे सगळे मरेपर्यंत उभं राहिलं, अशी दंतकथा आहे. धर्म बदलायला नकार दिला म्हणून मारलं, ही परंपरा. शरण न आलेल्या शहराला त्या काळच्या युद्धरीतीप्रमाणे दिलेली ती शिक्षा होती, असं म्हणणारे इतिहासकारही आहेत. पुढच्या मे महिन्यात सुलतान मेहमद वारला, तुर्कांचा पाय सुटला, आणि सप्टेंबर १४८१ मध्ये नेपल्सच्या राजपुत्राने शहर परत घेतलं. हाडं तेव्हा टेकडीवरून आणली. त्यातली काही तो नेपल्सला घेऊन गेला, ती अजून तिथल्या एका चर्चमध्ये आहेत.

संतपदाच्या यादीत यांची नोंद कशी आहे ते मला बघायचं होतं. 'अंतोनियो प्रिमाल्दो आणि सोबती.' एकूण ८१३. नाव एकाचंच.

आमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मारला गेला, त्याच्यासह सव्वीस जण. त्या सव्वीसही जणांची नावं आहेत. जपानी मुलं होती त्यांचीसुद्धा. म्हणून मला हे ८१३ जास्त टोचलं. ताईला विचारलं, "एवढं मोठं शहर, आर्चबिशपची गादी, आणि नावं कुणाकडेच नाहीत?" मग कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर बसल्यावर माझं मलाच उत्तर सापडलं. बाप्तिस्मा आणि लग्नाची वही प्रत्येक चर्चने ठेवलीच पाहिजे, असा नियम कॅथलिक चर्चच्या त्रेंत परिषदेने घातला तो १५६३ मध्ये. ज्या वह्या मी सव्वीस वर्षं भरल्या, कडेला लाल शाईने लग्नाच्या नोंदी केल्या, वाळवीपासून वाचवल्या, त्या वह्यांची सक्ती व्हायला ओत्रांतोच्या माणसांना अजून त्र्याऐंशी वर्षं जगावं लागलं असतं.

१७७१ साली पोप चौदावे क्लेमेंट यांनी त्यांची भक्ती मान्य केली, आणि संतपद २०१३ ला. त्याचीही गोष्ट आहे. ११ फेब्रुवारी २०१३ ला पोप बेनेडिक्ट यांनी कार्डिनलांची बैठक बोलावली ती ओत्रांतोच्या हुतात्म्यांच्या आणि आणखी दोन सिस्टरांच्या संतपदाची तारीख ठरवायला. तारीख ठरली, आणि त्याच बैठकीत पोपनी लॅटिनमध्ये सांगून टाकलं की मी पद सोडतोय. लॅटिन कळणाऱ्या एका बातमीदार बाईंना अर्थ लागला, जगभर गोंधळ उडाला. ओत्रांतोची बातमी कुणी वाचलीच नाही. "आम्ही इथे टाळ्या वाजवायला बसलो होतो," ताई म्हणाली, "आणि टीव्हीवर भलतंच!" १२ मेला पोप फ्रान्सिस यांनी संतपद जाहीर केलं. पोप झाल्यावर त्यांनी केलेली ही पहिलीच संतघोषणा, आणि तीत एकदम आठशेच्या वर संत.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. ताई पहिले काही किलोमीटर बरोबर आली, स्वेटरवर पिशवी आडवी टाकून, हातात काठी. गाव संपलं की लाल माती, दगडाच्या चुना न लावलेल्या गडग्यांच्या रांगा, आणि ऑलिव्हची झाडं. ती बघून वाईट वाटतं. २०१३ मध्ये गाल्लिपोलीजवळ एक जिवाणू सापडला, तो पसरत इथवर आला आणि शेकडो वर्षांची झाडं उभ्या उभ्या वाळली. मैलच्या मैल राखाडी सांगाडे. कुठे कुठे बुंध्यातून नवी फूट धरलीये.

ओत्रांतोच्या दक्षिणेला शेतांत कासोलेच्या मठाची पडझड आहे. अकराव्या शतकाच्या अगदी शेवटी नॉर्मन सरदार बोहेमोंडच्या मदतीने उभा राहिलेला ग्रीक मठ. पांतालेओने इथलाच, असं म्हणतात. इथलं ग्रंथालय मोठं, आणि पुस्तकं बाहेर उसनी दिली जायची. कुणी कोणतं नेलं याची टिपणं बाराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात शिल्लक आहेत. १४८० मध्ये मठ गेला. म्हणजे पुस्तकं जळली, मठ पडला, आणि राहिलं ते देण्याघेण्याचं टिपण. ताईला म्हटलं, "बघ, शेवटी क्लार्कच टिकतो." ती म्हणाली, "चाल गुपचूप." दोनचार भिंती, एक कमान, त्यावर अंजिराचं रोप. वसईच्या किल्ल्यातल्या छप्पर नसलेल्या चर्चमध्ये खेळत वाढलेल्या आम्हा दोघींना त्यात वेगळं काही वाटलं नाही. आमच्याकडे पिंपळ, यांच्याकडे अंजीर.

पुढच्या फाट्यावर ताईने बस पकडली. मी एकटी. थोडी वाट समुद्राच्या कडेने, थोडी आतून. उंच कड्यांवर दर काही अंतराने चौकोनी किंवा गोल बुरूज, १४८० च्या भीतीतून पुढच्या शतकात बांधलेले. एकाच्या सावलीत बसून बूट काढला तेव्हा डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड आलेला. दुपारनंतर लंगडतच विन्याकास्त्रीझीला पोचले. चर्चच्या हॉलमध्ये लोखंडी खाटा, एक नळ, एक ख्रिस्ती दिनदर्शिका. दुसरा शिक्का तिथल्या फादरांनी मारला, थोडा तिरका. मी काही बोलले नाही. परक्याच्या ऑफिसात बोलू नये.

कास्त्रो तिथून जवळ आहे, पण खाली समुद्राकडे वळावं लागतं. फोडाला पट्टी बांधून गेले, कारण मला जायचंच होतं. समुद्रावर उंच टेकाडावर छोटंसं गाव, किल्ला, अरुंद गल्ल्या, आणि मध्ये कॅथीड्रल. कास्त्रोला स्वतःचा बिशप होता. एक काळ असा होता की या टाचेत दर अर्ध्या दिवसाच्या चालीवर एक बिशप भेटायचा. १५३७ मध्ये तुर्कांनी कास्त्रो लुटलं, त्यानंतर ते गाव असं कधी सावरलंच नाही. गादी तरी चालू राहिली, गरीब, ओढाताणीची, १८१८ पर्यंत.

मी पोचले पावणेएकला. दाराला कुलूप. त्या भागात दुपारी बारा-साडेबारापासून साडेचारपर्यंत देवसुद्धा झोपतो. समोर बार होता. इटलीतला बार म्हणजे आपलं अमृततुल्य, फक्त चहाऐवजी कॉफी. तिथल्या माणसाने बर्फावर कॉफी ओतून त्यात बदामाचं गोड दूध घालून दिलं. मी कार्ड दाखवलं आणि चर्चकडे बोट केलं. तो म्हणाला, "कॅथीड्रल साडेचारला उघडेल."

कॅथीड्रल. दोनशे वर्षांहून जास्त झाली तिथला बिशप जाऊन. नकाशावर नाही, कायद्यात नाही, शिक्क्यावर तर नाहीच. बारवाल्याच्या तोंडात आहे.

१८१८ ची गोष्ट थोडक्यात अशी. नेपोलियन गेला, नेपल्सला बुर्बोन राजा परत आला, आणि त्याने पोप सातवे पायस यांच्याशी करार केला. दक्षिणेत बिशप फार, उत्पन्न थोडं. २७ जून १८१८ च्या फर्मानाने कितीतरी छोट्या गाद्या एका दमात बंद झाल्या. कास्त्रो ओत्रांतोत विलीन, अलेस्सानो उजेंतोत. लढाई नाही, आग नाही, तुर्क नाहीत. कागद आला. मी त्या बारच्या खुर्चीवर बसून विचार करत होते की त्या उन्हाळ्यात बिशपच्या वाड्यात माझ्यासारखं कोणीतरी बसलेलं असणार. तेव्हा रबरी शिक्के नव्हते, लाखेची मोहोर असायची. ती त्याने कुठल्या ड्रॉवरमध्ये टाकली असेल? वह्या ओत्रांतोला गाढवावरून गेल्या की होडीतून?

तसं बघितलं तर मेलेला धर्मप्रांत पूर्ण मरत नाही, अशी चर्चमध्ये सोय आहे. प्रत्येक बिशपला कुठलीतरी गादी असावीच लागते. म्हणून सहायक बिशपांना किंवा पोपच्या वकिलांना अशा बंद पडलेल्या धर्मप्रांताचं नाव देतात. आपल्याकडच्या सहायक बिशपांच्या नेमणुकीच्या पत्रातही उत्तर आफ्रिकेतल्या वाळवंटात गडप झालेल्या एखाद्या गावाचं नाव असतं. मी अशी नावं टाइप केलीयेत आणि स्पेलिंग तीनतीनदा तपासलंय. तेव्हा ती मला नुसती अवघड नावं वाटायची.

शिक्क्याचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच. साडेचारपर्यंत थांबले. चर्च उघडलं, उघडणाऱ्या बाई मेणबत्त्या बदलून निघूनही गेल्या. शिक्का कुठे असतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. आत बाजूला एका जुन्या, छोट्या ग्रीक धाटणीच्या चर्चचा तुकडा तसाच ठेवलाय. मोठं चर्च त्याच्यावर चढून बाराव्या शतकात बांधलं, आणि धाकट्याचा एक खांदा बाहेर राहिला. भिंतीवर पुसट संत. शेजारी बिशपचा वाडा. सगळं जागच्या जागी, नुसते बिशप नाहीत.

परत बारमध्ये गेले. त्याने गल्ल्याखालून बिलांवर मारायचा शिक्का काढला आणि कास्त्रोच्या रकान्यात दणकन मारला. बारचं नाव, कर क्रमांक, आणि कोपऱ्यात वाफाळता कप. नऊशे वर्षांच्या आसपास जुन्या कॅथीड्रलचा माझ्याकडे असलेला पुरावा तो एवढा.

त्रिकाझेची रात्र झोपेत गेली. तिसऱ्या दिवशी मूळ वाट सोडून मी अलेस्सानोला गेले. ही दुसरी बंद पडलेली गादी. इथलं मोठं चर्च दिमाखदार आहे, चौकही ऐसपैस, पण मला स्मशानात जायचं होतं. तिथे बिशप तोनिनो बेल्लो यांची कबर आहे. अलेस्सानोत १९३५ साली जन्मले, त्रिकाझेत चर्च सांभाळलं, मग उत्तरेकडे मोल्फेत्ताला बिशप झाले. बिशपच्या वाड्यात बेघर कुटुंबांना आणून ठेवणारे. १९९२ च्या डिसेंबरमध्ये पोटात कॅन्सर असताना पाचशे माणसांबरोबर बोस्नियातल्या, वेढ्यात अडकलेल्या सारायेवोला गेले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये वारले. चर्चने कंबरेला एप्रन बांधावा, असं त्यांचं सांगणं होतं. ताईच्या घरच्या स्वयंपाकघरात त्यांचा फोटो आहे, एप्रनांच्या खुंटीशेजारी.

कबर साधी, जमिनीलगत. सभोवार गोल पायऱ्या, लोक येऊन बसतात. दोन कॉलेजची मुलं बसून पाव खात होती. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस इथे येऊन उभे राहिले होते.

मला त्यांच्यात आणखी एक गोष्ट सापडली, तीही कागदातलीच. ते मोल्फेत्ताचे बिशप झाले तेव्हा त्यांच्याकडे प्रत्यक्षात चार वेगवेगळे धर्मप्रांत होते: मोल्फेत्ता, जोविनात्सो, तेर्लित्सी, रुवो. ३० सप्टेंबर १९८६ ला रोमने इटलीभर पुन्हा एकदा कात्री चालवली. तीनशेच्या वर असलेले धर्मप्रांत सव्वादोनशेच्या घरात आणले, आणि यांचे चार एक झाले. पण १८१८ सारखं केलं नाही. या वेळी कुणाचं नाव पुसलं नाही, सगळी नावं एकापुढे एक जोडली. म्हणून इटलीत आता आगगाडीसारख्या लांब नावांचे धर्मप्रांत आहेत. ज्या गावची गादी एका कागदाने गेली, त्या गावच्या मुलाने चार गाद्या एका टोपीखाली सांभाळल्या. रोममधल्या कुणा अधिकाऱ्याने हे मुद्दाम जुळवलं नसणार. क्लार्कच्या लक्षात येतं, एवढंच.

अलेस्सानोला शिक्का मिळाला, छोट्या पुस्तकांच्या दुकानात. त्याच्यावर एप्रन होता.

लेउका संध्याकाळी आलं. चालत येणाऱ्याला ते आधी दिसत नाही, वास येतो, खारा. मग पांढरं दीपगृह, आणि त्याच्या शेजारी अंगण. इटलीची जमीन इथे संपते. चर्चचं नावच 'जगाच्या टोकाची माता'. बाहेरून ते चर्च वाटत नाही, गढी वाटते. समुद्राकडून आलेल्यांनी इतक्या वेळा लुटलं की अठराव्या शतकात बांधताना भिंतीच तशा घातल्या. बांधून घेतलं अलेस्सानोच्या बिशपांनी. त्यांचा धर्मप्रांत पुढे शंभर वर्षंही टिकला नाही, चर्च टिकलं.

आत शिरताना उजवीकडे जुन्या दगडी वेदीचा तुकडा लावलाय. मिनर्व्हा देवीच्या देवळातला, असं सांगतात. ओत्रांतोची टेकडी मिनर्व्हाची, कास्त्रोचं रोमन काळचं नाव मिनर्व्हाचा किल्ला, २०१५ मध्ये तिथे खोदताना तिची मोठी मूर्तीही सापडली, आणि आता इथे ही. तीन दिवस मी बिशपांच्या मागे चालत होते, आणि बाई आधीपासून पुढे.

सालेंतोतल्या जुन्या बायका म्हणतात की लेउकाला एकदा यावंच लागतं. जिवंतपणी आला नाहीत तर मेल्यावर यावं लागेल. ताई इथे तिच्या आश्रमातल्या म्हाताऱ्यांना दरवर्षी मिनीबसने आणते, त्यामागचं कारण तेच. "नंतर तंगडतोड नको त्यांची," म्हणाली होती.

शिक्का मारायला कार्यालयात एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी कार्ड उघडलं, रकाने बघितले, कास्त्रोपाशी थबकले आणि कपावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. ते हसले. मग शिक्का उचलून मारला, पण पॅड सुकलेलं. 'उजेंतो' एवढंच उठलं, पुढचं 'सांता मारिया दी लेउका' कागदावर आलंच नाही. ते पाण्याची बाटली शोधायला लागले. मी हात पुढे केला, शिक्का मागितला, तोंडाजवळ धरून त्यावर दोनदा गरम हा केला, पॅडच्या कोपऱ्यात, जिथे शाई शेवटपर्यंत ओली राहते तिथे, दाबला, आणि रिकाम्या जागी सरळ मारला. सगळी अक्षरं आली.

बाहेर येऊन ताईला फोन लावला. तिने आधी पायाचा फोड विचारला, मग म्हणाली, "किती झाले?"

"पाच आणि एक अर्धा."

"अर्धा कसला?"

"घरी आल्यावर दाखवते. आणि तुमच्या इथे शाईचं पॅड कुठे मिळतं गं?"